फाटकाच्या आत सुरक्षा, फडात मात्र दैवावर हवाला

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. दसऱ्याला गडावर भाविकांची दाटी होते. सण सरला की परिसरातील गावांना वेगळेच वेध लागतात. मुकादमांच्या फेऱ्या वाढतात, उचलीचे हिशेब पुरे होतात, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि लहानगी मुले ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढविली जातात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, तसेच कर्नाटकातील बेळगावच्या बाजूला टोळ्या रवाना होतात. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा महिने, या गावांत म्हातारी माणसे आणि कुलुपे उरतात. पावसाने पाठ फिरविलेल्या या भागात ऊसतोडणी हा काही लाख माणसांचा मुख्य रोजगार आहे.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न म्हटला की चर्चा दर, उचल आणि मुकादमाचे कमिशन यांवर होते. ती होणे योग्यच आहे. परंतु या कामात माणसाच्या शरीराचे काय होते आणि ती इजा टाळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. उद्योगजगतात 'सुरक्षा आणि आरोग्य व्यवस्थापन प्रणाली' या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विकसित झाली. ज्या साखर कारखान्यांसाठी हे कामगार राबतात, त्या कारखान्यांना ही पद्धत अपरिचित नाही. ती फक्त फाटकापाशी थांबते.

फाटकाच्या आत

साखर कारखाना हे मुळात धोक्याचे ठिकाण आहे. उच्च दाबाचे बॉयलर, उसाचे तुकडे करणारी धारदार पाती, अवाढव्य लाटांचे गिरणीयंत्र, उकळता रस, मळीच्या टाक्या, आसवनीतील ज्वलनशील मद्यार्क. साखरेची बारीक भुकटीदेखील हवेत पसरली आणि ठिणगी पडली तर स्फोटक ठरते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी अशाच स्फोटात 14 कामगार मृत्युमुखी पडले.

म्हणूनच कारखान्याच्या आत कायद्याचा पहारा आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांना कठडे, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, प्रथमोपचार, ठरावीक संख्येवर स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर, हजार किंवा अधिक कामगार असल्यास सुरक्षा अधिकारी अशा गोष्टी बंधनकारक केल्या होत्या. एखाद्या इजेमुळे कामगार 48 तास कामावर येऊ शकला नाही, तर त्या अपघाताची सूचना निरीक्षकाला द्यावी लागे. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 मध्ये या अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरली. धोका कोणता, हे जाणून घेण्याचा कामगाराचा हक्कही तेव्हाच मान्य झाला. महाराष्ट्रात या साऱ्यावर देखरेख करण्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. त्याची यंत्रणा अपुरी आहे, कागदावरचे बरेच काही कागदावरच राहते, हे खरे. पण निदान कागद आहे, विचारणारा अधिकारी आहे आणि उत्तर देण्यास बांधील असलेला मालक आहे.

आता त्याच कारखान्याच्या वजनकाट्यापासून वीस-तीस किलोमीटरवरच्या फडाकडे पाहावे. पहाटे अंधारात टोळी शेतात उतरते. पुरुष कोयत्याने ऊस बुडातून तोडतो, बाई पाचट सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत नेते. शिडीवरून किंवा अरुंद फळीवरून ती मोळी घेऊन वर चढावे लागते. गाडी रात्री आली तर भरणी रात्री होते. कोयत्याचा घाव, पानांच्या धारेने चिरलेले हात आणि डोळे, फळीवरून पाय घसरणे, सर्पदंश, उभ्या उसात दडलेला बिबट्या, उघड्या विहिरीजवळ खेळणारे मूल, लोंबकळणाऱ्या वीजतारा, दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरखाली सापडणे, ही यादी फडावरच्या कोणाही बाईला पाठ असते. मुक्कामाला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोप. स्वच्छतागृह नाही, पाण्याची शाश्वती नाही. आणि एखादीचा पाय मोडला तर तिच्या 48 तासांची नोंद करणारे रजिस्टर कोठेही नाही.

प्रणाली म्हणजे काय?

सुरक्षा म्हणजे हेल्मेट, बूट आणि भिंतीवरची घोषवाक्ये, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ही सर्वांत शेवटची पायरी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अपघाताकडे कामगाराच्या बेफिकिरीचे फळ म्हणून पाहिले जाई. 1931 मध्ये हर्बर्ट हाइनरिक या विमा क्षेत्रातील अमेरिकी अभ्यासकाने प्रत्येक गंभीर दुखापतीमागे अनेक किरकोळ दुखापती आणि त्याहून कितीतरी जास्त 'थोडक्यात हुकलेले' प्रसंग असतात, असे मांडले. त्याने दिलेल्या प्रमाणावर पुढे पुष्कळ टीका झाली. परंतु मोठा अपघात आधी लहान प्रसंगांतून सूचना देत असतो आणि त्या सूचना टिपता येतात, हा विचार रुजला.

1972 मध्ये ब्रिटनमधील रॉबेन्स समितीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक यंत्रासाठी, प्रत्येक धंद्यासाठी वेगळा नियम करत बसण्यापेक्षा जो धोका निर्माण करतो त्यानेच तो ओळखावा, त्यावर उपाय करावा आणि केल्याचे दाखवून द्यावे, ही त्या अहवालाची दिशा होती. 1974 चा ब्रिटिश कायदा त्यातून आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2001 मध्ये व्यवस्थापन प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि मार्च 2018 मध्ये आयएसओ 45001 हे आंतरराष्ट्रीय मानक आले. भाषा जड असली तरी सर्वांचा गाभा घरगुती आहे. धोके शोधा, त्यांची नोंद करा, उपाय ठरवा, ते अमलात आणा, परिणाम झाला का ते तपासा आणि चुकले असेल तेथे पुन्हा सुरुवात करा. हे चक्र थांबता कामा नये. आणि धोका ज्याच्या अंगावर येतो त्या कामगाराला या प्रत्येक टप्प्यावर बोलता आले पाहिजे.

उपायांचीही एक उतरंड आहे. शक्य असेल तर धोका मुळातूनच काढून टाकावा. ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय वापरावा. तेही नसेल तर यंत्ररचनेत, साधनांत बदल करावा. त्याखाली कामाच्या वेळा, पाळ्या, प्रशिक्षण यांसारख्या व्यवस्थात्मक उपाययोजना. हातमोजे, बूट, गॉगल यांचा क्रमांक सर्वांत शेवटी, कारण ती साधने धोका तसाच ठेवून फक्त शरीराला वेष्टन घालतात. हंगामाच्या शुभारंभी हातमोजे आणि बूट वाटून छायाचित्रे काढण्याचे कार्यक्रम अधूनमधून होतात. ते वाईट नाहीत. पण उतरंडीच्या तळाशी सुरुवात करून तेथेच ते संपतात.

मोळीचे वजन

ही उतरंड फडात कशी लागू पडते, हे पाहण्यासाठी एकच वस्तू पुरेशी आहे, ती म्हणजे मोळी. ओल्या उसाची बांधलेली मोळी सर्वसाधारणपणे चाळीस किलोच्या आसपास भरते. कधी कमी, अनेकदा जास्त. कारखाने अधिनियमाखाली विविध राज्यांनी केलेल्या नियमांत प्रौढ स्त्रीने एकटीने उचलावयाच्या वजनाची मर्यादा सर्वसाधारणपणे 30 किलो ठेवलेली होती. म्हणजे साखरेच्या गोदामात जे ओझे बाईच्या डोक्यावर देणे हा गुन्हा ठरला असता, त्याहून जड ओझे त्याच साखरेच्या उसासाठी ती दिवसभर वाहते, तेही उघड्या फळीवरून चढत.

हिशेब करून पाहू. एक जोडी, म्हणजे फडाच्या भाषेत एक 'कोयता', दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडून भरते असे धरले, तर चाळीस किलोच्या पन्नास मोळ्या होतात. पन्नास वेळा वाकणे, उचलणे, चालणे, चढणे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि प्रतिटन 273 रुपये 10 पैशांचा दर 366 रुपयांच्या घरात गेला. त्या दराने दोन टनांचे 732 रुपये होतात आणि ते दोघांचे असतात.

या ठिकाणी वजनाची मर्यादा 25 किलो करा, असे सांगणे सोपे आहे. पण मग पन्नासच्या ऐंशी मोळ्या होतील आणि चढण्याच्या खेपा तीसने वाढतील. पाठीवरचा एकेका वेळचा ताण घटेल, पण गुडघ्यांवरचा आणि घड्याळावरचा वाढेल. दर टनावर असल्याने वाढलेल्या खेपांचे पैसेही मिळणार नाहीत. कामगार स्वतःच मोळी जड बांधतात याचे कारण अज्ञान नव्हे, तर हा हिशेब आहे. त्यामुळे 'कामगारांचे प्रबोधन करू' हा आवडता सरकारी उपाय येथे निरुपयोगी ठरतो. मोळी हलकी करावयाची असेल तर भरणीचा वेगळा दर द्यावा लागेल, किंवा भरणी यंत्राने करावी लागेल. मोळी पकडून ट्रॉलीत टाकणारी यंत्रे जगात नवी नाहीत. निदान फळीऐवजी रुंद पायऱ्यांची, कठडा असलेली आणि ट्रॉलीला घट्ट अडकणारी शिडी बनविणे हे तर कोणत्याही तालुक्याच्या गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानात होऊ शकते. ट्रॉली भरण्याची वेळ दिवसाउजेडी ठेवणे ही कारखान्याच्या शेतकी विभागाने वाहनांचे वेळापत्रक नीट लावण्याची बाब आहे.

उतरंडीच्या शिखरावर अर्थातच हार्वेस्टर आहे. शासनाने त्यासाठी अनुदान दिले आहे आणि राज्यात यंत्राने तोडणीचे प्रमाण वाढते आहे. धोका मुळातून काढण्याचा हा मार्ग शास्त्रानुसार श्रेष्ठ खरा. परंतु धोक्याबरोबर तो रोजगारही मुळातून काढतो. नारायणगडाच्या परिसरातील कुटुंबांना कोयता सोडून दुसरे काय देणार, याचे उत्तर तयार नसताना यंत्रीकरणाला सुरक्षा म्हणणे हा शब्दांचा खेळ होईल. शिवाय लहान तुकड्यांच्या, दाटीने लावलेल्या शेतांत ते यंत्र शिरतच नाही. हाताने तोडणी अजून बरीच वर्षे राहणार, हे गृहीत धरूनच विचार करावा लागेल.

खाडा

धोका म्हटला की डोळ्यांसमोर धारदार वस्तू येते. पण फडातील सर्वांत मोठा धोका कागदावर, किंबहुना तोंडी करारात आहे. हंगामापूर्वी मुकादम कोयत्याला उचल देतो. ती लाखाच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. ती कामातून फेडावयाची. जोडीतील एक जण जरी एक दिवस आला नाही, तरी 'खाडा' लावला जातो आणि दिवसाला पाचशे ते हजार रुपयांपर्यंत दंड उचलीत वाढविला जातो. म्हणजे आजारी पडणाऱ्याची मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो. ताप असला, पाळीचा त्रास असला, बाळंतपण जवळ आले असले तरी फडावर जाण्यावाचून गत्यंतर नसते.

या व्यवस्थेची परिणती 2019 मध्ये साऱ्या देशासमोर आली. बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4605 गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्या वर्षी जूनमध्ये विधान परिषदेत देण्यात आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील 82 हजार 309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13 हजार 861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण जवळजवळ सहा जणींत एक असे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या थोडे वर आहे. दोन्ही सर्वेक्षणांची पद्धत सारखी नसली तरी तफावत इतकी मोठी आहे की तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

त्यानंतर चर्चा मुख्यतः डॉक्टरांभोवती फिरली. अनावश्यक शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांवर अंकुश हवा, जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी हवी, असे निर्णय झाले आणि ते आवश्यकच होते. पण सुरक्षा व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर डॉक्टर हा साखळीतील शेवटचा दुवा. त्याआधी पाण्याचा अभाव आहे, स्वच्छतागृह नाही, कापड बदलण्यास आडोसा नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग आहे, जड ओझी आहेत, कोवळ्या वयातील लग्ने आणि बाळंतपणे आहेत आणि या सर्वांवर खाड्याची टांगती तलवार आहे. दर महिन्याच्या पाळीने दोन-तीन दिवसांचा खाडा होणार असेल, तर पिशवीच काढून टाकलेली बरी, असा निष्कर्ष एखादी स्त्री काढते तेव्हा ती परिस्थितीचे गणितच मांडत असते. कारखान्यात बोट तुटले की त्याला औद्योगिक अपघात म्हणतात. फडासाठी गर्भाशय गमावले तर त्याला मात्र 'कौटुंबिक निर्णय' म्हटले जाते.

परिस्थिती बदलली का? जिल्हा आरोग्य यंत्रणेकडून 2025 मध्ये पुढे आलेल्या माहितीनुसार 2024 च्या हंगामाआधी तोडणीला जाण्यापूर्वी 843 स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक 30 ते 35 वयोगटातील होत्या. 1523 स्त्रियांनी गरोदरपणात तोडणी केली. हंगामापूर्वी आणि हंगामानंतर तपासणी सुरू झाली म्हणूनच हे आकडे हाती आले, हेही नमूद केले पाहिजे. पण तपासणी गावात होते आणि धोका फडात असतो. मधल्या पाच-सहा महिन्यांची नोंद कोरीच राहते.

निकाराग्वातील सावली

ऊसतोडीसारख्या हंगामी, विखुरलेल्या आणि टनावर मजुरीच्या कामात व्यवस्थापन प्रणाली चालणारच नाही, असा आक्षेप घेतला जातो. मध्य अमेरिकेचा अनुभव याबाबत पाहण्याजोगा आहे. तेथील पॅसिफिक किनाऱ्यावर हजारो तरुण ऊसतोड कामगार मूत्रपिंडाच्या विकाराने दगावले. कडक उन्हात तासन्‌तास कष्टाचे काम आणि शरीरात पाण्याची कमतरता, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. एल साल्वादोरमध्ये पाणी, विश्रांती आणि फिरती सावली यांची सोय करून, जोडीला सुधारित कोयता देऊन छोट्या प्रमाणावर प्रयोग झाला, तेव्हा दिवसाकाठी दरडोई तोडणी 5.1 टनांवरून 7.3 टनांवर गेली. विश्रांतीने काम घटते, या समजुतीला त्याने धक्का दिला.

पुढे निकाराग्वातील चिचिगाल्पा येथील सान अन्तोनिओ कारखान्याने ला इस्ला नेटवर्क या संस्थेबरोबर हीच गोष्ट कारखान्याच्या पातळीवर हाती घेतली. 2017-18 च्या हंगामात मोजमाप झाले. विश्रांती अपुरी आहे असे दिसल्यावर पुढच्या हंगामात ती वाढविली गेली आणि पुन्हा मोजमाप झाले. जाळलेला ऊस तोडणाऱ्या कामगारांत हंगामात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटले. आपल्याकडील हंगाम हिवाळ्यात सुरू होतो, त्यामुळे तेथील आजार जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. उचलण्यासारखी आहे ती पद्धत. कारखान्याने फडातील कामगार आपला मानला, मोजले, चुकले ते मान्य केले आणि पुन्हा मोजले.

मालक कोण?

हाच 'आपला मानणे' महाराष्ट्रात अडखळतो. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी मध्यस्थ. शेतकरी म्हणतो, तोडणी कारखान्याची, माझा फक्त ऊस. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च अखेर शेतकऱ्याच्या ऊसदरातूनच वजा होतो, त्यामुळे त्याचीही तक्रार असते. परंतु कोणाच्या शेतात कधी तोड द्यायची हे कारखान्याचे गट कार्यालय ठरविते, चिटबॉय फडावर येतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होते, दर साखर संघाशी होणाऱ्या वाटाघाटीत ठरतो. कामाची जागा, वेळ, वेग आणि मोबदला जो ठरवितो त्याला व्यवस्थापनशास्त्रात नियंत्रक म्हणतात, मग करारावर सही कोणाचीही असो.

कायद्यातही ही फट जुनी आहे. 1923 च्या नुकसानभरपाई अधिनियमात कंत्राटदाराच्या कामगाराला अपघात झाल्यास मूळ काम देणाऱ्याने भरपाई द्यावी, असे तत्त्व होते. मात्र अपघात त्याच्या कामाच्या किंवा नियंत्रणाखालील जागेबाहेर घडला तर हे तत्त्व लागू नव्हते. उसाचे शेत कोणाच्या नियंत्रणाखाली, हा वाद तेथूनच सुरू होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियम, कंत्राटी कामगार अधिनियम, आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम हे सारे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत विलीन झाले. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू आहे. चहा, कॉफी, रबर यांच्या मळ्यांचा तिच्यात नावाने उल्लेख आहे. उसाच्या फडाचा नाही. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आली आहे. तिशीत गर्भाशय गमावणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत ही चाळिशीची अट कितपत उपयोगी, हे सांगण्याची गरज नाही. शेतीतील सुरक्षा व आरोग्याविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2001 चा 184 क्रमांकाचा करारही भारताने अद्याप स्वीकारलेला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. त्यापूर्वी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आणि गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी 10 रुपये द्यावेत व शासनाने तेवढीच भर घालावी, असे ठरले. मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आली. ही कामे मोलाची आहेत. मात्र कल्याण आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इजा झाल्यावर मदत करणे हे कल्याण आणि ती होऊ न देणे ही सुरक्षा. आजवरच्या योजनांचा भर पहिल्या गोष्टीवर राहिला.

प्रणाली उभी करण्यासाठी लागणारे सांगाडे मात्र आधीच उभे आहेत. कोणती टोळी कोणत्या गटात, कोणत्या तारखेला, कोणत्या शेतात होती आणि तिने किती टन ऊस दिला, याची नोंद कारखाना ठेवतोच, कारण त्यावर पैसे अवलंबून असतात. त्याच पावतीवर 'आज कोणाला इजा झाली का' हा एक रकाना वाढविता येतो. चिटबॉयला प्रथमोपचाराचे शिक्षण आणि पेटी देता येते. दर गटात दोन-चार बायकांना निवडून आठवड्यातून एकदा शेतकी अधिकाऱ्यासमोर बसविता येते. फळी कोठे घसरली, कोप कोठे पाण्यात गेली, कोणाच्या विहिरीला कठडा नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ट्रॉल्यांच्या मागील रिफ्लेक्टरचे उदाहरण बोलके आहे. रात्री रस्त्यावरच्या अंधाऱ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून माणसे दगावू लागली, गावोगाव ओरड झाली, परिवहन विभागाने आणि पोलिसांनी मागे लागून सक्ती केली आणि आता हंगामाच्या आरंभी अनेक कारखाने रिफ्लेक्टर लावून घेतात. ट्रॉलीतून मोठ्याने गाणी वाजविण्याची हौस मात्र अजून पुरती गेलेली नाही. सांगायचे इतकेच की, विचारणारा कोणी असला तर कारखान्याची यंत्रणा फाटकाबाहेरही पोहोचते. रिफ्लेक्टर लागले ते रस्त्यावरच्या माणसासाठी. ट्रॉलीवर फळीने चढणाऱ्या बाईसाठी अजून कोणी मागे लागलेले नाही.

खाड्याचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तो थेट पैशाचा आहे. हंगामात ठरावीक दिवस आजारपणाचे आणि पाळीचे म्हणून खाड्याविना धरावेत आणि त्यांची भरपाई टनामागील निधीतून मुकादमाला परस्पर मिळावी, अशी रचना अशक्य नाही. त्यामुळे मुकादमाचे नुकसान होणार नाही आणि बाईच्या उचलीत दंडही चढणार नाही. हा खर्च किती, हे कळण्यासाठी तरी आधी कोणाला किती खाडे पडले याची नोंद हवी. ती नोंद आज मुकादमाच्या वहीत आहे आणि ती वही कोणी मागितलेली नाही.

तोडणी दराचा करार साधारण तीन वर्षांनी होतो. जानेवारी 2024 च्या वाटाघाटीत दर आणि मुकादमांचे कमिशन यांवर खल झाला. मोळीचे कमाल वजन, रात्रीची भरणी, शिडीची रचना हे विषय या बैठकांच्या केंद्रस्थानी कधी नसतात. पुढील वाटाघाटींत साखर संघ, मुकादम आणि कामगार संघटना पुन्हा समोरासमोर बसतील, तेव्हा टनाच्या दराखाली किलोचा एक आकडा लिहिण्यास जागा आहे.